बाज उचलणारे चौघे

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, साक्ष देण्याची एक ठरलेली घडण आहे. माणूस उभा राहतो, सर्वांना सलाम करतो, आजारपण किंवा संकट सांगतो, डॉक्टरांनी हात टेकल्याचे सांगतो, मग प्रार्थना, मग आलेला गुण, आणि शेवटी प्रभूचे आभार. अशा साक्षी मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि त्यांतल्या बहुतेक खऱ्या असतात याविषयी मला शंका नाही. मात्र ज्यांना गुण आला नाही, ज्यांचे माणूस प्रार्थना चालू असतानाच गेले, त्यांना उभे राहून सांगण्यासारखे या घडणीत काही उरत नाही. ते हळूहळू मागच्या बाकावर बसू लागतात आणि पुढे येईनासे होतात. माझी धाकटी बहीण गेल्यानंतर तो मागचा बाक मीही पाहिला आहे. नोकरी नागपुरातच, परिचारिकेची आणि बहुतेक काळ शस्त्रक्रियेच्या वॉर्डात झाल्यामुळे, आजार बरा न होताही सावरलेली आणि आजार बरा होऊनही मोडून पडलेली अशी दोन्ही प्रकारची माणसे माझ्या हाताखालून गेली होती. निवृत्तीनंतर मी कादंबरी लिहायला घेतली ती या मागच्या बाकावरच्या बाईविषयी. ती कशी घडत गेली ते येथे सांगते आहे.

लिहिण्यापूर्वी आपल्या आधी कोणी काय केले आहे ते पाहावे, एवढी शिस्त वॉर्डातल्या नोंदवहीने लावली होती. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून सामान्यतः जिचा उल्लेख होतो ती १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने लिहिली, आणि तिचा विषय विधवांच्या हालअपेष्टा हा होता. म्हणजे आपल्या भाषेत कादंबरी आली तीच दुःखाचा हात धरून आणि एका ख्रिस्ती माणसाच्या लेखणीतून. तिचे मोल मोठे आहे, पण तिच्यात प्रश्नाला लगोलग उत्तर मिळते आणि ते उत्तर देण्याची लेखकाला घाई असते, असे माझे मत झाले. मला हवा होता तो वेग लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रात सापडला. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. या मधल्या काळाची हकिकत वाचताना कळते की विश्वास हा रडत, भांडत, मधूनच खो-खो हसत, सोवळ्याओवळ्याच्या एकेका पायरीवर अडखळतही येऊ शकतो. टिळकांचा काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने गेला, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, हा प्रसंग आम्ही नागपूरकर ख्रिस्ती जरा जास्तच अभिमानाने सांगतो. जणू तिकीट आम्हीच काढून दिले होते.

नायिका कोण असावी, यावर मी बराच विचार केला. ख्रिस्ती कथेत बहुधा बाहेरचा माणूस आत येतो, आणि ‘आत येणे’ हाच कथेचा शेवट असतो. माझ्या रत्नाला मी जन्मानेच ख्रिस्ती केले. तिचा बालपणी बाप्तिस्मा झालेला आहे, मोठेपणी तो विश्वास स्वतः कबूल करण्याचा दृढीकरणाचा विधी झालेला आहे, तिचे लग्न त्याच वेदीपुढे लागले आहे. ती नागपूरच्या सदर भागामागच्या एका गल्लीत राहते आणि तिचा नवरा वर्धा मार्गावरील अपघातात गेला आहे. तिला कोठूनही आत यायचे नाही. ती आतच आहे आणि तिथे तिला काही वाटेनासे झाले आहे. नामधारी ख्रिस्ती म्हणून आपण ज्यांना सहज हिणवतो, त्यांच्यातल्या कित्येकांची गोष्ट अशी असते. असे ठरवल्यामुळे धर्मांतराचा प्रसंग, पाण्याचा प्रसंग, नवे नाव घेण्याचा प्रसंग हे सगळे तयार उतारे माझ्या हातून आपोआप सुटले, आणि पानोपानी काय घडवायचे हा खरा प्रश्न समोर आला.

मंडळीही नुसती पार्श्वभूमी म्हणून मला नको होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन परंपरेचे होते, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्सही होते. त्यामुळे बालबाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा हे दोन्ही आमच्याकडे मान्य आहेत. एकीचा ठराव एका दिवशी झाला तरी गुडघे टेकायचे की बसून प्रार्थना करायची, याविषयी आजी-आजोबांचे मतभेद पुढे कित्येक वर्षे जेवणाच्या ताटावर चालू राहिले. माझ्या कादंबरीतल्या मंडळीत अशीच दोन घराणी आहेत, आणि त्यांचे आपसात फारसे पटत नाही. ज्या समुदायात सगळेच प्रेमळ आहेत, तो लिहायला सोपा आणि वाचायला कंटाळवाणा असतो, असे मला वाटते. रत्नाला ज्यांनी सावरायचे, ती माणसे एकमेकांवर थोडी रुसलेली, थोडी हिशेबी, आणि तरीही ठरल्या वेळी दारात हजर होणारी असावीत, हे मी पक्के केले.

सामग्रीसाठी मी घरगुती प्रार्थनासभांना पुन्हा नियमाने जाऊ लागले; यावेळी वही मनात ठेवून. दारापाशी चपलांचा ढीग, शेजाऱ्यांकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आतल्या खोलीत झोपवलेले मूल, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना प्रार्थना ऐकू यावी म्हणून बंद केलेला कूलर. हा कूलर बंद होण्याचा क्षण मी बारकाईने पाहिला. पंख्याची घरघर थांबते, टाकीतले पाणी ठिबकत राहते, वाळ्याचा वास थोडा वेळ टिकतो आणि मग खोलीतला उकाडा एकदम अंगावर येतो. बायका पदराने मान पुसतात, आणि लांबलचक प्रार्थना करणाऱ्याकडे एखादी एक डोळा उघडून पाहते. अशा एका सभेत मी रत्नाला प्रथम बसवले. तिला प्रार्थनेतले काही ऐकू येत नाही. आपल्यासाठी पंधरा माणसे विनातक्रार घामाघूम होत आहेत, एवढे मात्र तिला दिसते.

सांत्वनाला आलेल्यांचे बोलणे लिहिताना बायबलमधले ईयोबाचे पुस्तक फार उपयोगी पडले. ईयोबाचे तीन मित्र आले, त्याला ओळखूही शकले नाहीत, आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसले. तोवर त्यांचे वागणे उत्तम होते; तोंड उघडल्यावर सगळे बिघडले. ‘देवाची इच्छा’, ‘चांगल्यांनाच देव लवकर नेतो’, ‘यातही काही हेतू असेल’ ही वाक्ये मी रत्नाच्या घरी येणाऱ्यांच्या तोंडी घातली, पण ती बोलणाऱ्यांना दुष्ट केले नाही. दुसऱ्याच्या घरातले मौन सोसवत नाही म्हणूनच माणसे असे बोलतात. एक वृद्ध विधवा मात्र रोज दुपारी येऊन नुसती मटाराच्या शेंगा सोलत बसते. तिच्या तोंडी मी अखेरपर्यंत उपदेशाचे वाक्य येऊ दिले नाही.

कथानकाची चाल मला वॉर्डातूनच मिळाली. पू झालेली जखम स्वच्छ केल्यावर लगेच शिवत नाहीत. आत गॉज भरून ती उघडी ठेवतात, रोज ड्रेसिंग बदलतात, आणि तळापासून लालसर दाणेदार मांस भरत वर येईपर्यंत थांबतात. वरची कातडी आधी जुळली तर आत पू साचतो आणि सगळे पुन्हा उघडावे लागते. रत्नाची गोष्टही मला तळापासून भरून आणायची होती. म्हणून तिसऱ्या प्रकरणात तिला रडवून पाळकसाहेबांकरवी समजूत घालण्याचा जो प्रसंग माझ्या टिपणांत होता, तो मी घेतला नाही. त्याऐवजी तिच्या झोपेचे, जेवणाचे, सकाळी अंथरुणातून न उठण्याचे बारीक तपशील लिहिले, आणि दुःखाची सीमा ओलांडून ते नैराश्याच्या आजारात गेले आहे, हे वाचकाला रत्नाच्या आधी कळेल अशी व्यवस्था केली.

येथे माझ्यातली परिचारिका लेखिकेपेक्षा हट्टी निघाली. रत्ना मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते, गोळ्या घेते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ आणि अस्वस्थपणाच जाणवू शकतो, आणि बरे वाटू लागल्यावरही त्या डॉक्टरांना न विचारता सोडायच्या नसतात. हे सगळे मी कथेत घातले. प्रार्थनासभेतली एक बाई तिला म्हणते, “विश्वास असेल तर गोळ्या कशाला?” त्यावर उत्तर देण्याचे काम मी कोणत्याही विद्वान पात्राला दिले नाही. दुसऱ्या कोपऱ्यातून एक आजी म्हणते, “मग तुझी बीपीची गोळी काढ ना वो माय पर्समधून, ठेव इथं टेबलावर.” चर्चा तिथेच संपते. प्रार्थना करताना आमची माणसे ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ अशी पुस्तकी भाषा बोलतात आणि आमेन म्हणताच ‘काऊन वो, जेवली का नाही?’ वर येतात. संवादांत मी दोन्ही तशाच ठेवल्या, कारण रत्नाला आधार वाटतो तो दुसऱ्या भाषेत.

कादंबरीचा मध्य मात्र एका बेकरीत आहे. आमच्याकडे नाताळच्या आधी पुष्कळ घरांतून केकचे सामान बेकरीत नेऊन भट्टीत भाजून घेतात. मैदा, साखर, लोणी, अंडी, आठवडे न् आठवडे भिजत घातलेला सुकामेवा, रंगासाठी करपवलेल्या साखरेचा पाक, असे सगळे पिशव्यांत भरून बायका रात्री नंबर लावतात. बाहेर नागपूरची डिसेंबरातली थंडी, आत भट्टीची धग, आणि कोणाचे अंडे फुटले, कोणाचे लोणी कमी पडले यावर न संपणारी चर्चा. साचे एकसारखे दिसतात म्हणून प्रत्येकावर नावाची चिठ्ठी असते. हे प्रकरण लिहिण्याआधी मी शेजारच्या काकूंबरोबर उशिरापर्यंत तिथे थांबले आणि भट्टीवाल्याचा हात कसा चालतो ते पाहिले. लांब दांड्याच्या फावड्याने तो साचे आत सरकवतो, पुढचे मागे आणि मागचे पुढे करतो, काडी खुपसून पाहतो, आणि बाहेर काढलेला साचा फळीवर आपटून त्यावरचे नाव मोठ्याने वाचतो. चिठ्ठीच्या कडा तोवर तपकिरी झालेल्या असतात.

रत्ना त्या वर्षी केक करणार नसते. शेजारच्या काकू न विचारता तिच्या वाट्याचेही सामान फेटून घेतात आणि तिला ‘पिशवी धरायला’ म्हणून बरोबर नेतात. चिठ्ठी लिहिताना त्या सवयीने, दरवर्षीप्रमाणे, रत्नाच्या नवऱ्याचे नाव लिहितात. भट्टीवाला ते नाव गर्दीत पुकारतो. रांगेतल्या सगळ्या बायकांना ते माहीत आहे. सगळ्या गप्प होतात. काकूंचा चेहरा उतरतो. आणि रत्ना पुढे होऊन “आमचा आहे” म्हणते आणि साचा घेते. नवरा गेल्यानंतर त्याचे नाव तिच्यासमोर कोणी उच्चारलेच नव्हते. सगळे ‘ते’, ‘तुझे मालक’, ‘जे झाले ते’ असे बोलत होते. हा प्रसंग मी पुष्कळदा लिहिला. एका खर्ड्यात ती तिथेच मोठ्याने रडते आणि बायका तिला कवेत घेतात. वाचायला ते बरे वाटे, पण मला तिचे घरी चालत जाणे अधिक महत्त्वाचे वाटले. गरम साचा पदरात धरून ती चालते, आणि काकू वाटभर लोण्याच्या भावाबद्दल बोलत राहतात.

अर्धा मजकूर झाल्यावर मी तो वाचून दाखवायला सुरुवात केली. महिला मंडळातल्या चार-पाच जणी, ऑर्गन वाजवणारा एक तरुण आणि एक निवृत्त पाळकसाहेब असे श्रोते होते. पाळकसाहेबांनी सरळ विचारले, “सिस्टर, यात प्रार्थनेचे उत्तर कुठे आहे? ही बाई स्वतः एकदाही मनापासून प्रार्थना करीत नाही.” त्या प्रश्नावर आमची बैठक फार लांबली, आणि कादंबरीला तिचे नाव त्यातूनच मिळाले. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावातल्या एका घरातली गोष्ट आहे. पक्षघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात, दारात शिरायला जागा नसते, म्हणून ते छप्पर उघडतात आणि त्याची बाज खाली सोडतात. येशू त्यांचा विश्वास पाहून त्या आजाऱ्याशी बोलतो. मार्काने सांगितलेल्या या साऱ्या प्रसंगात आजारी माणूस एक शब्दही बोलत नाही. विश्वास होता की नव्हता, हे त्याला कोणी विचारत नाही. शेवटी मात्र आपली बाज तो स्वतः उचलून चालता होतो. मी पाळकसाहेबांना म्हटले की रत्ना अजून बाजेवर आहे, आणि तिची प्रार्थना तूर्त इतरांच्या खांद्यावर आहे. त्यांनी हा अर्थ ग्राह्य धरला, पण पूर्ण समाधान झाले नाही. आजारी माणसाचाही त्यात विश्वास धरूनच वचन वाचले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तसे वाचणारे पुष्कळ आहेत.

महिला मंडळातल्या एकीने विचारले, “त्या छपराचे पैसे मग कोणी दिले?” सगळ्या हसल्या, पण त्या प्रश्नावरून मी एक पूर्ण प्रकरण लिहिले. कोणाला सावरायचे म्हणजे कोणाचे तरी नुकसान होते: वेळेचे, पैशांचे, घरातल्या शांततेचे. रत्नाच्या शेजारच्या काकूंची सून कुरकुर करते, तिच्यासाठी धावणाऱ्या, कादंबरीतल्या ऑर्गनवाल्या मुलाचा अभ्यास बुडतो. ते कथेत आले तेव्हा मंडळी पहिल्यांदा खरी वाटू लागली.

रत्नाची बाज उचलणाऱ्या चौघांतला चौथा कोण, यावर सर्वांत मोठा वाद झाला. काकू, मटार सोलणारी विधवा आणि ऑर्गनवाला मुलगा हे तिघे मंडळीतलेच आहेत. चौथी व्यक्ती म्हणून मी रत्नाची बौद्ध शेजारीण घेतली. तीच तिला स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेते आणि बाहेर बाकावर थांबते. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि जिथे ख्रिस्ती गल्लीला लागून बौद्ध वस्ती असणे ही रोजची गोष्ट आहे, तिथे असे न होणेच चमत्कारिक ठरले असते. “मंडळीतला विश्वास म्हणता आणि बाज बाहेरच्यांना उचलायला लावता?” असा आक्षेप आला. मार्काने त्या चौघांची नावे दिलेली नाहीत, ते शिष्य होते असेही लिहिलेले नाही, एवढेच मी सांगितले. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती, ही आठवण श्रोत्यांतल्या ऑर्गन वाजवणाऱ्या तरुणाने करून दिली. त्याचे वाचन माझ्यापेक्षा पुढचे आहे.

रत्ना पुन्हा बोलू लागते ती बायबलमधल्या स्तोत्रांतून. सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि त्यांतली बहुतेक शेवटी आशेकडे वळतात. ८८वे मात्र वळत नाही, ते अंधारातच संपते. मटार सोलणारी विधवा तिला तेवढे एक स्तोत्र काढून देते आणि निघून जाते. देवाशी असे बोललेले चालते, ते पवित्र शास्त्रात बांधून ठेवलेले आहे, हे वाचून रत्ना पहिल्यांदा देवावर मोठ्याने चिडते. माझ्या दृष्टीने तिची पहिली प्रार्थना तीच आहे. त्यानंतर नव्या करारातील याकोबाच्या पत्रातल्या सूचनेप्रमाणे चर्चचे वडील, म्हणजे जबाबदार ज्येष्ठ, येऊन तिला तेल लावून प्रार्थना करतात, तो प्रसंग मी अगदी थोडक्यात लिहिला. तेलाच्या बाटलीचे झाकण उघडत नाही आणि ते उघडायला स्वयंपाकघरातून सांडशी आणावी लागते, एवढेच त्यात लांबवले आहे.

शेवटच्या प्रकरणात ती साक्ष द्यायला उभी राहते. बरी झाले असे ती म्हणत नाही. गोळ्या चालू आहेत. ती चार नावे घेते, त्या प्रत्येकाने काय केले ते एकेका वाक्यात सांगते, आणि बसते. श्रोत्यांपैकी दोघींनी हे पुरेसे मानले. पाळकसाहेबांनी प्रभूचे नाव न घेता दिलेली साक्ष ही साक्ष नव्हे असे सांगितले, आणि एक वाक्य वाढवण्याची विनंती केली. मी ते वाक्य लिहून पाहिले. रत्नाच्या तोंडी ते बसेना, म्हणून काढले. पुस्तक मी निवृत्तीच्या पैशांतून छापून घेतले आणि नाताळच्या सुमारास उपासनेनंतर आवारातल्या टेबलावर विकायला ठेवले. केकच्या टेबलाशेजारी जागा मिळाल्याने बऱ्यापैकी खपले. प्रस्तावना पाळकसाहेबांनीच लिहिली आहे. त्यांनी तिच्यात शेवटच्या प्रकरणाविषयीचा आपला मतभेद स्पष्ट मांडला आहे आणि मी तो एक शब्दही न बदलता छापला; वाचकांनी आधी कादंबरी वाचावी आणि प्रस्तावना मागाहून, एवढे मात्र मी टेबलावर प्रत्येकाला सांगत असे.